पेठेतलं दुखणं

आंग मो किओ, सिंगापूर
९ फेब्रुवारी १९९७

ती. पद्माकरकाकांना सा. न.

काका, संघातल्या खेळाडूला काढायचं कसं असतं? मला उत्तर येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे. आयुष्यभर तालमीची फुटबॉल टीम चालवणारं माझ्या ओळखीचं दुसरं कोण आहे?

झालं असं की, परवा मिस्टर गोह यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. हे आमच्या सेलेतार मरिनर्स फुटबॉल क्लबचे चेअरमन. आधीचे जनरल मॅनेजर सोडून गेल्यापासून सगळं तेच बघतात. म्हणाले, "तू बस ठरवतेस, तिकिटं छापून घेतेस, परदेशी खेळाडूंचे इथे राहायचे पास काढून आणतेस. गुड. पण समज, एक मुलगा आहे. चांगला, मेहनती, सगळ्यांचा लाडका. तरी त्याला काढायचंय. कसं काढशील?"

मी म्हटलं, "समजावून सांगेन."

"काय समजावशील?"

बी.कॉम.ला हा विषय नव्हता. ते हसले आणि इथल्या सगळ्यांसारखा शेवटी "लाह" लावत म्हणाले, "नेव्हर माइंड, लाह. असिस्टंट मॅनेजर हो. उत्तर सापडलं की सांग."

तर आता मी असिस्टंट मॅनेजर. इथे कुमुदताईनं ऐकून कपाळाला हात लावला. "मुलगी काय करते म्हणून विचारलं तर काय सांगायचं आम्ही? बावीस पुरुषांची मोजदाद?" शामकांत भावजी बोटीवर आहेत, नाहीतर त्यांनी माझी बाजू घेतली असती. बाबा तिकडे उद्यमनगरात सगळ्यांना मी बँकेत आहे असं सांगतात म्हणे. सांगू द्या. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीचं त्यांना काहीतरी भारदस्त झालेलं बघायचंय.

काका, मुलगी म्हणून मला तालमीच्या आत कधी येता आलं नाही, पण बाहेरच्या कट्ट्यावर तुमच्या शेजारी बसून मी टीमच्या याद्या लिहिल्या आहेत. पगार देऊन चालवलेला संघही माणुसकीनं चालवता येतो, असं मला मनापासून वाटतं. फक्त ते करून दाखवायला पाहिजे. डोक्यात सारखं तेच चालू असतं, एका जागी बसवत नाही.

तुमची,
अनुजा


कोल्हापूर
२४ फेब्रुवारी १९९७

चि. अनुजा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोहसायबाला सांग, जुनी वेस तालमीत खेळाडूला काढत नाहीत. पेठेत जन्मला तो पेठेचा. खेळला तर मैदानात, नाही खेळला तर कट्ट्यावर, पण आपल्या कट्ट्यावर.

सुबोधचंच बघ. पाय गेला त्याचा. काढला का आपण त्याला? आजसुद्धा प्रत्येक मॅचला शाहू स्टेडियमवर आपल्या बाकावर पहिला तो असतो. पोरं पाणी प्यायला आली की बाटली त्याच्या हातनं घेतात. गणपतीच्या आरतीला पहिला मान त्याचा. तुमच्या त्या सिंगापुरात हे मिळतं का विचार.

काढायचं कसं, ते मला ठाऊक नाही आणि तू बी शिकू नकोस. बढती मिळाली त्याचे पेढे तुझ्या बापानं वाटले. "बँकेत बढती" म्हणाला. मी खाल्ले.

तुझा,
पद्माकरकाका


आंग मो किओ
१६ मार्च १९९७

ती. काकांना सा. न.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवलंय. गोहसाहेबांना त्यातलं सुबोधदादाचं सांगितलं. ते म्हणाले, "व्हेरी नाइस. पण तुमच्या त्या बाकावर जागा किती?"

आज घाईत लिहिते. आमचा ऑस्ट्रेलियन स्ट्रायकर आई आजारी म्हणून मायदेशी परतला. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, त्यातली एक रिकामी झाली आणि मोसम तोंडावर आला आहे. मीटिंगमध्ये सगळे इकडची तिकडची नावं घेत होते. मी आपल्या दर्शनचं नाव घेतलं. मागच्या वर्षी मी सुट्टीला आले होते तेव्हा फायनलला त्यानं मधल्या रेषेपासून बॉल एकट्यानं नेला होता, तो गोल मला अजून दिसतो. कोच इंग्रज आहेत, त्यांनी भुवया उडवल्या. गोहसाहेब म्हणाले, "तू आणलास तर तो तुझा. चांगला निघाला तरी तुझा, वाईट निघाला तरी तुझा. कॅन?"

मी "कॅन" म्हटलं, म्हणजे जमेल.

दर्शनच्या आईला तयार करा. आणि काका, एक सरळ सांगा : त्याची तब्येत कशी आहे? कुठे जुनं दुखणं? इथे पहिलं तेच विचारतात.

अनुजा


कोल्हापूर
२ एप्रिल १९९७

चि. अनुजास आशीर्वाद.

तब्येतीचं काय विचारतेस? जुनी वेसचं पोरगं आहे. एकदम ठणठणीत.

पासपोर्ट झाला. त्याची आई रडली, मग हसली, मग शेजारणींना सांगायला गेली. समोरच्या पेठेला अजून पटत नाही. "सिंगापूर म्हणजे सांगलीच्या पुढं का?" असं विचारतात, जळतात.

त्याच्याबरोबर तिळाच्या तेलाची बाटली दिली आहे. रोज उजव्या गुडघ्याला चोळून घे म्हणून सांग त्याला. आईची श्रद्धा आहे, दुसरं काही नाही.

आमचा पोरगा तुझ्या हवाली करतोय. जप.

पद्माकरकाका


आंग मो किओ
२२ जून १९९७

ती. काकांना सा. न.

फोनवर सगळं बोलता येत नाही. तुम्ही "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही" म्हणून ओरडता आणि मला सगळं ऐकू येत असतं. म्हणून लिहिते.

दर्शननं सात गोल केले! आल्या आल्या क्लबच्या डॉक्टरांनी त्याचा पाय वाकवून, त्याला पळवून बघितलं आणि पास केलं. पहिल्या मॅचला तो बूट घालायच्या आधी मैदानाला हात लावून कपाळाला लावत होता, ते बघून मागचे मलय प्रेक्षक विचारायला लागले, काही हरवलं का याचं? तिसऱ्या मॅचपर्यंत तेही त्याच्या नावानं ओरडायला लागले. बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डो-इमारतींमधली मराठी कुटुंबं आता डब्यात पोळी-भाजी घेऊन स्टेडियमवर येतात. टपरीवाल्या हॉकरकडची नूडल्स दर्शनला अजून घशाखाली उतरत नाहीत, तेव्हा त्यातले अर्धे डबे त्यालाच जातात.

मागच्या रविवारी कुमुदताईकडे सत्यनारायण होता. त्यालाही बोलावलं होतं. सगळी पुरुष मंडळी खाली पंगतीला बसली, हा मात्र ताट हातात घेऊन खिडकीपाशी उभा. "ताई, मी असाच बरा." लाजरा आहे अजून. ताईच्या ऋचानं त्याला खुर्ची आणून दिली आणि मला म्हणाली, "मावशी, ही रन सो फास्ट, बट ही डोन्ट नो हाऊ टू सिट, लाह!" आम्ही खूप हसलो.

ऑफिसात आता माझं मत विचारतात. मोसम संपला की कमिटी नवा जनरल मॅनेजर नेमणार आहे आणि गोहसाहेब एकदा म्हणाले की, बाहेरून माणूस आणायची गरज दिसत नाही. काका, या क्लबमध्ये मला काय काय करायचंय! खेळताना जायबंदी झालेल्या मुलांना कामं शिकवायची. मुलींचा एक संघ. कागदावर कागद लिहिते आणि फाडते. कुमुदताई म्हणते, "जरा टेक एका जागी, तुझ्याकडे बघून मला दम लागतो."

तुमची,
अनुजा


कोल्हापूर
१० जुलै १९९७

चि. अनुजास आशीर्वाद.

दर्शनचा फोटो पेपरात आला. तालमीच्या दारात तो मोठा करून लावला आहे. समोरच्या पेठेतली पोरं आता मान खाली घालून जातात. तुझं नाव बातमीत नव्हतं, पण कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या बापानं परवा कबूल केलं की बँक नाही, फुटबॉल.

तेल संपलं असेल. येणाऱ्या कुणाबरोबर दुसरी बाटली धाडतो. चुकवू देऊ नकोस.

पद्माकरकाका


आंग मो किओ
२४ ऑगस्ट १९९७

ती. काकांना,

मागच्या शनिवारी दर्शन एकटाच पडला. जवळपास कुणी नव्हतं, धक्का नाही, काही नाही. वळला आणि पडला. उठला, लंगडत खेळला, गोलही केला. मॅच संपल्यावर त्याचा मोजा वर खाली होईना, इतका गुडघा सुजला होता.

डॉक्टरांनी मशिनीत फोटो काढून बघितलं. म्हणाले, आतला दोर तुटलेला आहे आणि हे शनिवारचं नाही, निदान वर्षाचं जुनं आहे. आता ऑपरेशन आणि मग बरेच महिने विश्रांती. असाच खेळत राहिला तर गुडघ्यातली गादी झिजेल आणि चाळिशीच्या आत काठी लागेल.

मी दर्शनला विचारलं. तो छताकडे बघत म्हणाला, "काकांना विचारा."

म्हणून विचारते. मी तेलाबद्दल वाचलं आणि श्रद्धा म्हणून सोडून दिलं. तो पंगतीला बसला नाही आणि मी त्याला लाजरा म्हटलं. मांडी घालताच येत नव्हती त्याला, काका. तुम्हाला माहीत होतं का?

इथे त्याला कुणीच काढायला तयार नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. कोच म्हणतात, इंजेक्शन देऊ, मॅचपुरतं दुखणार नाही, कपचे सामने तोंडावर आहेत. तिकिटं बघणारे म्हणतात, तो नसला तर भारतीय प्रेक्षक येणार नाहीत. दर्शन म्हणतो, "ताई, मारा की इंजेक्शन. एवढा मोसम काढतो." आणि गोहसाहेब म्हणाले, "तू आणलास. तो तुझा. दुसरा खेळाडू नोंदवायची मुदत सप्टेंबरात संपते. तोपर्यंत तू ठरव."

त्याला काढलं तर मी केलेली पहिली निवड फसली असं मीच लिहून देणार. मग जनरल मॅनेजर म्हणून माझं नाव कमिटी कशाला काढेल? ठेवलं तर सगळे खूश. एक गुडघा सोडून.

बाहेर इंडोनेशियातल्या जंगलांच्या वणव्याचा धूर आलाय, खिडक्या बंद करून बसतो. तरी घशात खवखवतं. लवकर लिहा.

अनुजा


कोल्हापूर
७ सप्टेंबर १९९७

चि. अनुजास,

माहीत होतं. त्यात विचारण्यासारखं काय आहे? पेठेतलं दुखणं पेठेबाहेर सांगत नाहीत. तू कट्ट्यावर बसून याद्या लिहायचीस तेव्हा तापानं फणफणलेल्या पोराचं नाव मी वर घालायचो, ते तू बघितलं आहेस. समोरच्याला कळलं की नेमकी लाथ त्याच पायावर घालतात. तू लिहिलंस, क्लबात विचारतात म्हणून. म्हणजे तू क्लबाकडनं विचारत होतीस. क्लबाला आम्ही कशाला सांगू?

पोराला एक संधी मिळत होती. खरं सांगितलं असतं तर घेतला असता का तुम्ही? नाही. मग?

आता ऐक. ते इंजेक्शन देतात तर देऊ दे. मोसम पुरा कर त्याचा. मधनंच काढून दिलास तर समोरची पेठ दारात येऊन फटाके लावेल. तेवढं जमत नसेल तर परत पाठव, पण सुट्टीवर आला म्हणून सांग. इथला मोसम डिसेंबरात सुरू होतो. पट्टी बांधून खेळवतो. उभा जरी राहिला तरी समोरचे दोघं त्याला धरून राहतात. गुडघ्याचं कुणाला कळू देऊ नकोस, तुझ्या बापालाबी नाही.

एवढी शिकलीस, आता आपलं कोण, बाहेरचं कोण, ते तूच ठरव.

पद्माकरकाका


आंग मो किओ
११ ऑक्टोबर १९९७

ती. काकांना सा. न.

हे पत्र दर्शन स्वतः तुमच्या हातात देईल. त्याला आधी खुर्ची द्या आणि मग वाचा. पायाला पट्टा आहे, काखेत कुबड्या आहेत. त्या थोड्याच दिवसांच्या आहेत, म्हणून घाबरू नका. ऑपरेशन चांगलं झालं.

तुमचं शेवटचं पत्र मी परत परत वाचलं. राग आला, मग रडू आलं, मग सुबोधदादा आठवला. मी लहान होते तेव्हा तो कट्ट्याच्या पायऱ्या दोन-दोन उड्यांत चढायचा. त्याचा पाय कसा गेला, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही. पण मी यादी लिहिली होती, काका. त्या फायनलला त्याचा गुडघा सुजलेला होता आणि तुम्ही म्हणालात, "लिही सुबोध, पट्टी बांधू." मी लिहिलं. मी आठवीत होते, मला त्यात वावगं काही वाटलं नाही, उलट त्याचा अभिमान वाटला. तुम्ही म्हणता त्याला कधी काढलं नाही. खरं आहे. त्या एका दिवसापुरतं कुणी काढलं असतं, तर तो आज बाकावर नसता, बाकासमोर असता.

तुम्ही त्याच्यावर माया करता, हे मी कधी विसरणार नाही. पण मायेनं त्याचा पाय वाचला नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी दर्शनला स्टेडियमवर घेऊन गेले. धुरामुळे सराव बंद होता. पलीकडचा गोल दिसत नव्हता. आम्ही दोघंच पायऱ्यांवर बसलो, तो पाय लांब करून. मी सांगितलं, "दर्शन, मी तुला संघातून काढते आहे. आधी इथेच तुझं ऑपरेशन होईल. टाके निघेपर्यंत तुझा पास चालू राहील, मग तू घरी जाशील."

तो म्हणाला, "कोचनी सांगितलंय, मला खेळवणार."

"सही माझी लागते."

"काय तोंड दाखवू पेठेत? लोक म्हणतील, तिथनं हाकलला."

"म्हणतील."

"तुम्हाला काय हो ताई! तुम्ही ऑफिसवाल्या. तुमचा काय गुडघा लागतोय?" मग, "माझ्याच गावच्या बाईनं काढलं मला. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर एवढं लागलं नसतं."

मी उठले नाही, एवढंच. तो रडला, मला बोलला, तुम्हाला बोलला, गुडघ्याला शिव्या दिल्या. शेवटी स्वतःच म्हणाला, "चला, धुरानं डोळे चुरचुरतात." तेव्हा उठलो.

गोहसाहेबांना मी सांगितलं की कसं काढायचं, ते मला थोडं कळलंय. समोर बसून, त्याच्या भाषेत सांगायचं, आणि तो उठेपर्यंत आपण उठायचं नाही. ते कागद चाळत होते. म्हणाले, "कुठला प्रश्न? मी कधी विचारला?" पण ऑपरेशनच्या कागदावर त्यांनी लगेच सही केली, हे खरं.

नव्या खेळाडूनं अजून एकही गोल केलेला नाही. कोच माझ्याशी कामापुरतं बोलतात. मागच्या मॅचला बुकित तिमाहच्या मंडळींची रांग रिकामी होती आणि एक पाटी मात्र होती, "दर्शन कुठे आहे?" कमिटीनं जनरल मॅनेजर म्हणून दुसऱ्या एका क्लबच्या माणसाशी बोलणी सुरू केली आहेत. मी असिस्टंट आहे, आणि सोमवारपासून प्रत्येक नव्या खेळाडूच्या गुडघ्यांचा मशिनीतला फोटो काढायचं पत्रक मी काढलं आहे. सगळे कुरकुरतात. कुमुदताई म्हणते, "बघ, आता तरी बँकेत जा." नाही जाणार.

आता शेवटचं, आणि हे वाचून तुम्ही पत्र फेकाल. तुम्ही डिसेंबरात त्याला पट्टी बांधून खेळवणार, हे तुम्ही पत्रात लिहिलंतच. परदेशातल्या क्लबकडून परत आलेल्या खेळाडूला आमचं ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय तिथल्या संघटनेला नोंदवता येत नाही. ते पत्र मी पुढच्या जुलैपासून लागू होईल असं तयार केलं, म्हणजे त्याआधी तुम्हाला त्याला खेळवता येणार नाही. कारणाच्या जागी गुडघ्याचं सगळं खरं लिहिलं आणि डॉक्टरांचा दाखला जोडला. दर्शनला आधी वाचून दाखवलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. परवा म्हणाला, "काका लई चिडणार ताई." मी म्हटलं, "चिडू देत. तू पंगतीत मांडी घालून बसलास की मी येऊन त्यांची बोलणी खाईन." तो हसला नाही, पण हे पत्र तुमच्याकडे घेऊन यायला तयार झाला.

तुम्ही विचारलंत, आपलं कोण आणि बाहेरचं कोण. मला अजून ते नीट ठरवता आलेलं नाही. पण पेठेतलं दुखणं मी पेठेबाहेर सांगितलं आहे. काल दुपारी ते पत्र कोल्हापूरच्या संघटनेला फॅक्स केलं, आणि नीट उमटलं का, हे फोन करून विचारून घेतलं. उमटलंय.

तुमचीच,
अनुजा